सरकारी बांधकामावर सरकारच कर घेतंय: शाळा, अंगणवाडी, बंधाऱ्याच्या मालाला करमाफी हवी की नको?

माणदेशी_सदस्य
मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. गावात शाळेची खोली, अंगणवाडी, उपकेंद्र काहीही बांधायला घ्या, इस्टिमेटच्या अबस्ट्रॅक्टमध्ये (खर्चाच्या गोषवाऱ्यात) वर खोदाई, पाया, वीटकाम, स्लॅब, प्लास्टर असं सगळं येतं आणि बेरजेच्या खाली जीएसटी 18 टक्के. आमच्या अंगणवाडीला कर धरून 10 लाख मंजूर झाले, त्यात काम 8 लाख 47 हजारांचं आणि कर 1 लाख 52 हजार. मग बजेट बसेना म्हणून जेई (कनिष्ठ अभियंता) साहेबांनी आयटम कमी केले, त्यात पोरांचं टॉयलेट गेलं, रॅम्प गेला, कुंपण गेलं. आता ज्या गावात कुंपण नाही तिथे अंगणवाडीच्या ओट्यावर शेरडं बसतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

2017 ला बऱ्याच सरकारी कामांना 12 टक्के होता, 18 जुलै 2022 पासून 18 झाला. 12 राहिला असता तर ह्याच 10 लाखांत 45 हजारांचं काम जास्त झालं असतं, म्हणजे टॉयलेट तरी नक्की. आणि मातीकामाचं बघा, ज्या कामात 75 टक्क्यांहून जास्त मातीकाम आहे त्याला आधी 5, मग 12, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तेही 18. ज्या दिवशी सिमेंट 28 वरून 18 वर आलं आणि सगळीकडे बचत बचत झालं त्याच दिवशी दुष्काळी भागातल्या मातीबांधाचा कर वाढला, ह्यावर कुणी एक ओळ बोललं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे, लोकांच्या पैशातून लोकांसाठी बांधायचं असेल तर त्या मालावर आणि कामावर कर नको.

लेजरवाला
सदस्य साहेब, तळमळ पटते, उपाय नाही पटत. मी ठेकेदारांची रिटर्न भरतो, रोजचंच काम आहे हे. तुम्ही म्हणताय तशी माफी दिली तर ठेकेदाराच्या बिलावर जीएसटी शून्य होईल, पण त्याने दुकानातून सिमेंट, सळई, टाइल्स, पत्रा आणला त्यावर 18 टक्के भरलेलेच असतात. आज तो ते इनपुट क्रेडिट म्हणून वळते करतो, म्हणजे स्वतःच्या बिलावरच्या करातून वजा करतो. बिल करमाफ झालं की क्रेडिट बंद, मग तो ते पैसे दरात घालणार, घालणार म्हणजे घालणारच, घरून कोण भरेल? तुमच्या अंगणवाडीत 4 लाखांचा माल 18 टक्क्यांचा धरला तर 72 हजार कर तसाच आत दडून राहील. वाचणार दीड लाख नाही, 80 हजार. आणि दडलेला कर बिलावर दिसतच नाही, त्यामुळे उद्या तुम्ही भांडणार तरी कशावर.

सिमेंट 28 वरून 18 वर आलं तरी तुमचं इस्टिमेट का उतरलं नाही तेही ह्यातच आहे. ठेकेदाराला 28 चं पण पूर्ण क्रेडिट मिळतच होतं.

अप्पा_सेंट्रिंग
मग दुकानातच बिनकराचा माल द्या ना, सरकारी कामाचं पत्र दाखवलं की सिमेंटवर कर नाही, सळईवर कर नाही. क्रेडिटचा प्रश्नच मिटला.

लेजरवाला
अप्पा, तो प्रकार झालाय आधी. केंद्रीय विक्रीकरात डी फॉर्म होता, सरकारी खातं परराज्यातून माल घ्यायचं तेव्हा फॉर्म देऊन 4 टक्क्यांनी मिळायचा, 1 एप्रिल 2007 ला बंद केला. आणि हा खात्याने स्वतः घेतलेल्या मालाचा विषय होता बरं. इथे तुम्ही हजारो ठेकेदारांच्या हातात सवलतीचं पत्र देणार. एकच गोणी, कामावर गेली तर करमुक्त आणि बंगल्यावर गेली तर 18 टक्के, तपासणार कोण?

नाशिकची_ताई
मला मुळात हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सरकार कर घेतं आणि सरकारच भरतं, ह्या खिशातून त्या खिशात, त्यात बिघडलं काय? तुम्ही आज शाळेला माफी मागाल, उद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलवाले येतील, मग देवस्थानं, मग खाजगी कॉलेजवाले म्हणतील आम्ही पण समाजसेवाच करतो. प्रत्येक माफीला पुढची माफी चिकटून येते. शाळेला पैसे कमी पडतायत तर जास्त पैसे मंजूर करा, सरळ हिशोब. कर सगळ्यांना सारखा आणि अनुदान गरजेप्रमाणे, हे मला जास्त स्वच्छ वाटतं.

माणदेशी_सदस्य
ताई, खिसे एकाच शर्टाचे नाहीत हीच तर अडचण आहे. पैसे जातात ग्रामपंचायतीच्या खात्यातून. 18 मधले 9 राज्याकडे आणि 9 केंद्राकडे. केंद्राच्या 9 मधले 41 टक्के सगळ्या राज्यांत वाटले जातात, 15व्या वित्त आयोगाने त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के ठरवला होता. ढोबळ हिशोब मांडला तर आपल्या राज्याच्या पैशातून काम झालं तरी 18 मधले साधारण सव्वानऊ राज्यात परत येतात, पावणेनऊ बाहेर. आणि ग्रामपंचायतीत? सरळ वाटेने एक रुपया पण नाही. जास्त पैसे मंजूर करा म्हणणं सोपं आहे, जुलै 2022 ला कर 6 टक्क्यांनी वाढला तेव्हा जुन्या मंजुऱ्या काय आपोआप वाढल्या का?

अप्पा_सेंट्रिंग
नाही वाढल्या, मी सांगतो ना. निविदा 12 धरून भरलेली, काम अर्ध्यात असताना 18 झाला, कार्यालय म्हणतं तुमच्या दरात बसवा, आम्ही म्हणतो कर तुम्ही द्यायचा, नुसता पत्रव्यवहार. मी छोटा ठेकेदार, आधीच बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा कमी दर भरून काम घेतलेलं, त्यात 6 टक्के म्हणजे सगळा नफाच. फरकाचं बिल लावलं ते निधी उपलब्ध नाही म्हणून तसंच पडून राहिलं. सिमेंटवाला उधारी ठेवत नाही, त्याला कर धरून रोख मोजायचे आणि आपलं बिल कधी निघेल ते सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर माफी द्या नाहीतर देऊ नका पण चालू कामाचा दर मध्येच बदलू नका.

ह्यूस्टनकर
इकडचं सांगतो. टेक्सासमध्ये शाळा किंवा शहराच्या बांधकामात जो माल कायमचा बसतो त्याला विक्रीकर माफ आहे, ठेकेदार सर्टिफिकेट देऊन घेतो, करारात माल आणि मजुरी वेगळी दाखवली म्हणजे झालं. चालतं व्यवस्थित. उलट कॅलिफोर्नियात शाळा असो की शहर, अशी सरसकट माफी नाही. म्हणजे अशक्य वगैरे काही नाही, सरकारने ठरवायचं असतं.

लेजरवाला
चालतं कारण तुमच्याकडे विक्रीकर शेवटच्या विक्रीवर एकदाच लागतो. आपला जीएसटी टप्प्याटप्प्याने लागतो आणि मधला टप्पा माफ केला की मागची साखळी तुटते. त्यामुळे टेक्सास नको, कॅनडा बघा. तिकडे जीएसटी आहे, नगरपालिका पूर्ण कर भरते आणि मग अर्ज करून परत घेते, 2004 पासून 100 टक्के. शाळांना 68 टक्के, हॉस्पिटलला 83 टक्के. ठेकेदाराला काहीच वेगळं करावं लागत नाही, क्रेडिट शाबूत, दुकानात दोन भाव नाहीत, गोणी बंगल्यावर जायचा मोह नाही. सदस्य साहेब, तुम्ही माफी मागू नका, परतावा मागा. तुमचे पूर्ण दीड लाख सुटतील.

नाशिकची_ताई
आणि तो परतावा मागणार कोण? ग्रामसेवक? एकेकाकडे दोन दोन गावं असतात, घरपट्टी, दाखले, ऑनलाइन एंट्र्या ह्यातच दिवस जातो त्यांचा. परताव्याचा अर्ज भरायला परत सीए लावणार, त्याची फी, मग त्रुटी निघणार, मग तालुक्याला फेऱ्या. मोठ्या महापालिका आरामात पैसे परत घेतील, त्यांच्याकडे लेखा विभाग आहे, आणि लहान पंचायतींचे पडून राहतील. ज्यांच्यासाठी तुम्ही भांडताय त्यांनाच मिळणार नाही, आणि ह्या भीतीला तुमच्याकडे उत्तर असेल तर मला खरंच ऐकायचंय.

माणदेशी_सदस्य
उत्तर आहे ताई, आणि ते आत्ताच्या कागदातच आहे. 1 ऑक्टोबर 2018 पासून अडीच लाखांच्या वरच्या करारावर ग्रामपंचायतीने ठेकेदाराच्या बिलातून 2 टक्के जीएसटी टीडीएस (बिल देतानाच कापून सरकारजमा करायचा कर) कापायचा असतो, त्यासाठी पंचायतीला जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि दर महिन्याला जीएसटीआर-7 हे कपातीचं रिटर्न भरावं लागतं. हा टीडीएस कर सोडून मूळ रकमेवर असतो. म्हणजे 8 लाख 47 हजारांवर जवळपास 17 हजार कापले तर 18 टक्के कर बरोबर त्याच्या 9 पट झाला. सरकारला आकडा आधीच कळतोय. वेगळा अर्ज कशाला पाहिजे, जीएसटीआर-7 भरला आणि ठेकेदाराचा कर जमा झालेला दिसला की 9 पट रक्कम पंचायतीच्या खात्यात टाका.

लेजरवाला
हे बसतं. अडीच लाखांच्या आतली कामं सुटतील आणि 18 सोडून दुसरा दर असेल तिथे पट बदलेल, पण मार्ग बरोबर आहे. ठेकेदाराने कर भरलाय का ते जुळवायचं काम पोर्टल करेल.

नाशिकची_ताई
अर्जाचा मुद्दा सोडते, पैशाचा नाही सोडत. हा परतावा राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीतून जाणार, तिकडे जो खड्डा पडेल तो कुठलं तरी अनुदान कापूनच भरतील. तुमच्या अंगणवाडीचे दीड लाख परत येतील आणि पुढच्या वर्षी मंजुरीच साडेआठ लाखांची येईल. ह्याची हमी कोण देतंय?

माणदेशी_सदस्य
हमी कुणीच देत नाहीये, म्हणून कायद्यात लिहून पाहिजे. अनुदान कापलं तर निदान कापलेलं दिसेल आणि त्यावर बोलता येईल, आत्ता काम कमी होतं आणि कागदावर पूर्ण 10 लाख खर्च दिसतात. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय, आमदारांना आणि अर्थमंत्र्यांना पाठवायला. लेजरवाले साहेब, तो 9 पटीचा हिशोब जरा नीट भाषेत लिहून द्या, आणि अप्पा, चालू कामाचा दर निविदेच्या तारखेचाच राहावा ही तुमची मागणी पण त्यातच घालतो.