शब्दचर्चा : वंशसंहारानंतर ‘समेट’ की ‘सलोखा’?

प्रश्न : रवांडावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. मूळ लेखात १९९४च्या कत्तलीसाठी ‘जेनोसाइड’ हा एकच शब्द आहे, माझ्याकडून कुठे ‘यादवी’, कुठे ‘नरसंहार’ पडलंय. त्यानंतरच्या प्रक्रियेला ‘समेट’ लिहिलं, तेही खटकतंय.

उत्तर १ : ‘यादवी’ आधी काढा. १९९०पासून सरकार आणि बंडखोर यांच्यात तिथे यादवी चालू होती, ती वेगळी. एप्रिल ते जुलै १९९४मध्ये ओळखपत्रावरची ‘तुत्सी’ (तिथला अल्पसंख्य समाज) ही नोंद बघून माणसं वेचून मारली. कत्तलीला विरोध करणारे, बहुसंख्य समाजातले हुतूही मारले गेले. ‘यादवी’ म्हटलं की दोष दोघांत वाटला जातो. ‘नरसंहार’ चालेल, पण त्यातून फक्त मृतांचा आकडा डोळ्यांपुढे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या जेनोसाइडविरोधी करारात एखादा गट, गट म्हणून, नष्ट करायचा हेतू कळीचा आहे. त्या गटात मुलं जन्मू न देणं, त्यांची मुलं जबरदस्तीने दुसऱ्यांकडे सोपवणं हेही त्यात येतं. म्हणून ‘वंशसंहार’.

‘समेट’ खटकतो तो बरोबरच. समेट भांडणाचा होतो, दोन्ही बाजू थोडं थोडं सोडतात. ज्याचं घरदार मारलं गेलं त्याने काय सोडायचं? ‘दिलजमाई’ तर फारच गोड. मी ‘सलोखा’ घेईन. मनात काहीही असो, माणसं सलोख्याने वागू शकतात, आणि शिक्षा भोगून आलेला माणूस त्याच टेकडीवर, वाचलेल्या बाईच्या शेजारी राहायला आला तेव्हा तेवढंच मागता येत होतं. (सरकारी फलकांवर याहून बरंच मागितलंय, ते सोडा.)

प्रश्न : आणि ‘माफी’ की ‘क्षमा’? गचाचासमोर, म्हणजे कत्तलीचे खटले चालवणाऱ्या गावच्या न्यायसभेसमोर, आरोपी जे मागतो ते?

उत्तर १ : तिथे माफीच. गुन्हा कबूल करायचा, साथीदारांची नावं आणि प्रेतं कुठे आहेत ते सांगायचं, सगळ्यांदेखत माफी मागायची. मग शिक्षा कमी होई, काही भाग सार्वजनिक कामात फेडता येई. पीडिताने क्षमा केलीच पाहिजे अशी अट नव्हती. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचकाला वाटेल, शिक्षा घटली म्हणजे त्या बाईने क्षमा केली.

उत्तर २ : ‘गचाचा’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘गावाची न्यायसभा’ असा खुलासा द्या. ‘न्यायाधीश’ मात्र नको. ती कायदा न शिकलेली, वस्तीनेच निवडलेली माणसं, ‘पंच’ म्हणा. २००५पासून देशभर, २०१२मध्ये बंद होईपर्यंत, सुमारे १२ हजार न्यायसभांनी १९ लाखांच्या आसपास खटले चालवले. बहुतेक लुटीचे आणि नासधुशीचे होते, आणि त्यांत ‘भरपाई’ हा शब्द लागेल. ‘दंड’ लिहू नका, दंड सरकारजमा होतो.