वाइनच्या पिपात फिनिश केलेली सिंगल माल्ट चाखताना त्यात वाइनचा वाटा नेमका कोणता, हे कसे ओळखावे?

बीव्हरटनकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वेस्टवर्ड या डिस्टिलरीच्या दोन सिंगल माल्ट व्हिस्की सध्या माझ्याकडे आहेत. पहिली त्यांची नेहमीची, नव्या अमेरिकन ओकच्या पिपांत मुरवलेली. दुसरी तशाच मुरवणीनंतर पिनो न्वार या लाल द्राक्षाच्या वाइनच्या रिकाम्या फ्रेंच ओक पिपांत आणखी काही काळ ठेवलेली, म्हणजे ‘फिनिश’ केलेली. दोन्हींमध्ये मद्यार्क ४५ टक्के आहे. ही पिपे आमच्या जवळच्याच विलामेट खोऱ्यातल्या वायनरींमधून येतात, आणि द्राक्ष व बार्ली या दोन्हींचे काम एकाच मुलखात होते, याचे कौतुक वाटून मी ती बाटली घेतली.

दोन्हींत फरक आहे हे मला निश्चित जाणवते. पण त्यातला वाइनचा वाटा कोणता, फ्रेंच लाकडाचा कोणता आणि नुसत्या अधिक मुरण्याचा कोणता, हे मला वेगळे काढता येत नाही. जाणकारांनी चाखण्याची पद्धत सांगावी. शिवाय एका मित्राचे म्हणणे असे की, ही शेवटी वाइन मिसळलेली व्हिस्कीच झाली. त्यात तथ्य आहे का?

कडू बदाम

मित्राच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लवकर मिटते. पीप रिकामे करूनच व्हिस्की भरली जाते. मात्र लाकडाच्या आतल्या काही मिलिमीटरपर्यंत वाइन झिरपलेली असते आणि ती व्हिस्कीत उतरते, एवढे खरे. याला मिसळणे म्हणायचे असेल, तर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिपांतल्या साऱ्या स्कॉचलाही तोच आरोप लावावा लागेल. अमेरिकेत १९ जानेवारी २०२५ पासून ‘अमेरिकन सिंगल माल्ट’ ही स्वतंत्र कायदेशीर श्रेणी लागू झाली. तिच्यानुसार व्हिस्की केवळ माल्ट केलेल्या बार्लीची, एकाच डिस्टिलरीत गाळलेली आणि ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिपात मुरवलेली हवी. बर्बन या मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीप्रमाणे पीप नवे आणि आतून जाळलेलेच असावे, अशी सक्ती तिच्यात नाही. वापरलेली पिपेही चालतात.

आता चवीकडे. आपल्या पहिल्या बाटलीत नव्या अमेरिकन ओकचा वाटा मोठा आहे: व्हॅनिला, नारळाच्या जवळ जाणारा गोडसर वास आणि आतून जाळलेल्या लाकडाचा कॅरमलसारखा गोडवा. फ्रेंच ओकमध्ये तो नारळ कमी असतो, टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, अधिक असते आणि लवंगेच्या अंगाने जाणारा मसालेदारपणा येतो. म्हणजे दुसऱ्या बाटलीत लवंग किंवा तुरटपणा जाणवला, तर त्याचे श्रेय लगेच द्राक्षाला देऊ नये. त्यातले बरेचसे लाकडाचे असते. वायनरीने काही वर्षे वापरून ‘थकलेले’ म्हणून काढलेले पीपही व्हिस्कीच्या दृष्टीने थकलेले नसते, कारण १३-१४ टक्क्यांच्या वाइनपेक्षा कितीतरी तीव्र मद्य त्याच लाकडातून वेगळीच द्रव्ये ओढून काढते.

वाइनचा खरा ठसा मी तीन जागी शोधतो. लाल फळांचा वास हा एक. पिनो न्वारच्या बाबतीत तो चेरीच्या बाजूला झुकतो. जिभेच्या कडांना जाणवणारी किंचित आंबट धार हा दुसरा. आणि तोंडाला येणारा तुरट कोरडेपणा हा तिसरा, जो आपल्याला जांभळामुळे चांगला परिचित आहे. पिनो न्वार पातळ सालीचे द्राक्ष असल्यामुळे त्याच्या वाइनमध्ये टॅनिन माफक असते, म्हणून या बाटलीत जांभूळ फार जोरात येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

पद्धत साधी आहे. निमुळत्या तोंडाचे दोन सारखे ग्लास घ्यावेत, दोन्हींत ३० मिली ओतून दहा मिनिटे तसेच ठेवावे आणि आधी मूळ व्हिस्कीचाच वास घ्यावा. वास घेताना तोंड थोडे उघडे ठेवल्यास मद्यार्काचा झणका नाकात बसत नाही. एकेक घोट कोरा घेऊन झाल्यावर दोन्हींत साधारण १५ मिली पाणी घालावे, म्हणजे मद्यार्क ३० टक्क्यांच्या आसपास येतो. स्कॉटलंडचे ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कींची मिश्रणे ठरवणारे जाणकार, वास घेण्यासाठी याहूनही खाली, २० टक्क्यांपर्यंत उतरतात. पाण्यानंतर नव्या ओकचा गोडवा पातळ होतो आणि त्याखाली दबलेली फळे व आंबटपणा वर येतो, असा माझा तरी अनुभव आहे. बर्फ मात्र या कामासाठी अजिबात नको.

मडगांवकर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ एक पुस्ती जोडतो. वाइनचे पीप आणि वाइन-फिनिश या दोन गोष्टी एक नव्हेत. तैवानच्या कावालान डिस्टिलरीची सोलिस्ट विन्यो बारिक, जिला २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातील सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला, ती सुरुवातीपासून वाइनच्या पिपातच मुरते. मात्र ती पिपे आतून तासून, शेकून पुन्हा जाळलेली असतात. ही पद्धत व्हिस्की-सल्लागार डॉ. जिम स्वान यांनी रूढ केली. तासल्यामुळे जुन्या वाइनचा आंबूस थर बराचसा निघून जातो, म्हणून तिच्यात वाइन शोधणाऱ्याला मुख्यतः लाकूडच सापडते. आपल्याकडची रामपूर आसव मात्र फिनिश या प्रकारातली आहे: आधी बर्बनची पिपे, नंतर काबर्ने सोव्हिन्यों या लाल द्राक्षाच्या भारतीय वाइनची. काबर्ने जाड सालीचे असल्याने वर म्हटलेला तुरटपणा शिकण्यासाठी मला ती पिनो न्वारपेक्षा अधिक सोयीची वाटते.

हवामानाचाही विचार करावा. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, तर आमच्या गोव्यात ८ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या उष्णतेत वाइनचे पीप आपले म्हणणे फार लवकर मांडते, आणि वेळेवर बाहेर काढले नाही तर दुसऱ्या कोणाला बोलूच देत नाही.

तिरकस

सगळे ठीक आहे, परंतु दुसऱ्या ग्लासातली तांबूस छटा डोळ्यांना दिसली की नाकाला चेरी सापडणारच. त्यामुळे घरातल्या कोणाला तरी तीन ग्लास भरायला सांगावे, दोहोंत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी. ग्लासांभोवती कागद गुंडाळावा, दिवा मंद करावा आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखावे. तो ओळखता आल्यावरच वर्णनाला बसावे.

आणखी एक. वायनरीत रिकामी पिपे टिकावीत म्हणून आत गंधक जाळतात. एखाद्या वाइन-फिनिश माल्टमध्ये नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास आला, तर त्याचे मूळ बहुधा तेथे असते. काही जण त्याला ‘गुंतागुंत’ म्हणून गौरवतात. मी त्याला दोषच म्हणतो.

बीव्हरटनकर

सर्वांचे आभार. तिरकस यांच्या सूचनेप्रमाणे पत्नीने तीन ग्लास भरून दिले. वासावरून मला काहीच ठरवता आले नाही. वेगळा ग्लास ओळखता आला तो घोट गिळल्यानंतर, कारण इतर दोन ग्लासांत मागे गोडवा रेंगाळत होता आणि या एकात हिरड्यांच्या आतल्या बाजूला कोरडेपणा उरला. पाणी घातल्यावर आंबट धारही स्पष्ट झाली. चेरी मात्र मला अजून सापडलेली नाही, आणि माझ्या ग्लासात काडेपेटीही नव्हती. मडगांवकर, आसव चाखताना पाण्याचे प्रमाण हेच ठेवावे का?

मडगांवकर

नाही, अर्धे पुरे. काबर्नेचा तुरटपणा पाण्याने अधिकच उघडा पडतो आणि बाकीची चव मागे सरते. चमच्याने थोडे थोडे घालत जा आणि कोरडेपणा गोडव्याच्या पुढे गेल्यासारखा वाटला की तेथेच थांबा.