मदत हवी आहे: कधीच न आलेल्या जंतूची अँटीबॉडी शरीर बनवतं कशी?

नमस्कार मंडळी,
मी कॉमर्सवाला, बायोलॉजी दहावीनंतर सुटली ती सुटलीच. सध्या प्रतिकारशक्तीबद्दल जे मिळेल ते वाचतोय पण एका ठिकाणी गाडी अडलीये. जिथे बघावं तिथे तेच, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, शत्रू आला की तुटून पडतात, आणि पुढे काहीच नाही. त्या सैनिकांना कळतं कसं हा शत्रू आहे ते कोणी सांगतच नाही.

आत्तापर्यंत डोक्यात शिरलंय ते असं: दोन थर आहेत. पहिला जन्मतःच असतो, त्यात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज वगैरे पांढऱ्या पेशी, हे लगेच धावून येतात आणि जंतू गिळतात, जखमेतला पू म्हणजे बराचसा यांचाच मेलेला ढीग (हे वाचून पू बद्दल आदर वाढला). दुसरा थर बी आणि टी पेशींचा, तो हळू आहे पण नेमका आहे आणि लक्षात ठेवतो.

अडतंय ते इथे. अँटीबॉडी प्रत्येक जंतूसाठी वेगळी लागते म्हणतात. मग जो व्हायरस जगात कालपर्यंत नव्हताच त्याची अँटीबॉडी बनते कशी? व्हायरस बघून त्याच्या मापाचा साचा तयार होतो का? आणि माणसाची जीन्स तर सगळी मिळून वीस हजारच्या आसपास, मग लाखो प्रकारच्या अँटीबॉडींची कृती लिहिलेली असते कुठे? जाणकारांनी प्लीज सोप्या भाषेत सांगा, लिंका नकोत, लिंका वाचूनच इथे आलोय.

कुतूहलराव:
साचाच असणार ना, नाहीतर दुसरं काय. मलाही वाचायचंय, जागा धरून ठेवतो.

मायक्रोवाली:
साचा नाही हो. पण लाजायचं कारण नाही, लायनस पॉलिंगसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेही १९४० मध्ये असंच मांडलं होतं, की अँटीबॉडी अँटिजेनभोवती (म्हणजे जंतूचा जो भाग ती ओळखते त्याभोवती) घडी घालून त्याचा आकार घेते. ते चुकीचं निघालं.

खरी गोष्ट उलटी आहे. जंतू यायच्या आधीच अँटीबॉडी तयार असते. अस्थिमज्जेत रोज नव्या बी पेशी बनतात आणि प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एकाच आकाराची अँटीबॉडी घेऊन फिरते, आणि तो आकार कोणाला बघून ठरलेला नसतो, तो निव्वळ योगायोगाने पडलेला असतो. रेडिमेड कपड्यांसारखं समजा, माप कोणाचंच घेतलेलं नाही पण साइझ इतके आहेत की येईल त्याला काहीतरी बसतंच.

आता वीस हजार जीन्सचं. अँटीबॉडी जड आणि हलक्या अशा प्रथिनांच्या साखळ्यांची बनते. त्यातल्या जड साखळीचं जीन अखंड नसतं, तुकड्यातुकड्यांत असतं. व्ही नावाचे वापरात येणारे तुकडे चाळीसच्या आसपास, डी वीस-पंचवीस, जे सहा. बी पेशी घडताना यातला एकेक तुकडा उचलते, मधला डीएनए चक्क कापून टाकते आणि उरलेलं जोडते, जोडताना सांध्यावर डीएनएची काही अक्षरं अशीच घुसडते नाहीतर खाते. हलक्या साखळीचंही साधारण असंच, फक्त तिच्यात डी नसतो. मग गुणाकार करत बसा, आकडा कोटींच्याही पार जातो. म्हणजे तुमच्या बी पेशीतला डीएनए तुमच्या कातडीच्या पेशीतल्या डीएनएसारखा तंतोतंत राहतच नाही! हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यालाच आहे.

मग जंतू शिरला की डेंड्रिटिक पेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ती ग्रंथी फुगलेली असते ती याच गडबडीने. तिथे हजारो पेशींतून एखादीला तो आकार चिकटतो, टी पेशीने बहुतेक वेळा होकार द्यावा लागतो, आणि मग ती एकच पेशी भराभर विभागत सुटते. विभागताना अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका होतात, ज्यांची पकड घट्ट त्या टिकतात, बाकीच्या मरतात. या सगळ्याला आठवडा-दीड आठवडा जातो, म्हणून पहिल्यांदा आजारी पडल्यावर लगेच बरं वाटत नाही.

धागाकर्ता:
बापरे. म्हणजे जो आजार मला कधी होणारच नाही त्याचीही पेशी माझ्यात आत्ता फिरत असेल?? पण मग योगायोगाने बनतं म्हटल्यावर काही पेशी माझ्याच शरीराला चिकटणाऱ्या पण बनत असतील, त्यांचं काय?

मायक्रोवाली:
बनतात की, भरपूर बनतात. बी पेशींची छाटणी अस्थिमज्जेतच सुरू होते. टी पेशींची छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे तिथे. तिथल्या पेशी एरवी फक्त स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिनसुद्धा थोडंसं बनवून टी पेशींना दाखवतात, जी जोरात चिकटली ती तिथेच खलास. जी कशालाच ओळखत नाही तीही बाद. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

आडवाटेचा:
एक भर घालतो, छाटणीतून निसटलेल्याही असतातच. त्यांना आवर घालायला नियामक टी पेशी असतात, शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या आणि २०२५ चं नोबेल त्यांना ब्रन्को आणि रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं. हा आवर सुटला की शरीर स्वतःवरच हल्ला करतं, त्यातून टाइप वन डायबिटीससारखे आजार. म्हणून ते 'इम्युनिटी बूस्ट करा' ऐकलं की मला हसू येतं, नुसतं वाढवून चालत नाही.

कुतूहलराव:
साचावाला मी, गप्प बसतो. पण एक विचारू का, गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही आणि सर्दी मात्र सारखी होते, असं का? आठवण दोन्हीची राहायला हवी ना?

आडवाटेचा:
गोवराची आठवण किती पक्की याचा जबरी दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली, नंतर थेट १८४६ मध्ये. पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने बघितलं की पहिल्या साथीत गोवर झालेले म्हातारे दुसऱ्यात एकही आजारी पडला नाही, आणि मधल्या पासष्ट वर्षांत गोवर तिकडे फिरकलेलाच नव्हता.

सर्दीची आठवण राहते, पण सर्दी हा एक आजार नाहीच. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत, शिवाय सर्दी करणारे बाकीचे व्हायरस वेगळे. एकाची आठवण दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. फ्लूचं आणखी निराळं, तो दरवर्षी वरचं प्रथिन थोडं थोडं बदलत राहतो.

धागाकर्ता:
मायक्रोवाली, आडवाटेचा, दोघांचे खूप आभार, तो सांध्यावरचा भाग मी तीनदा वाचला. आता टी पेशीचा 'होकार' म्हणजे नक्की काय ते विचारायचंय, पण त्याला वेगळा धागा काढतो.