शेवटच्या सत्राचा प्रकल्प: पूरमदतीचं सर्वेक्षण की ट्रस्टचे हिशेब?

पंचगंगाकाठ: स्वयंसेवी संस्थांचा अभ्यासक्रम करणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांनी २०१९ आणि २०२१च्या महापुरातली मदत हाच विषय घ्यावा. शिरोळ तालुक्यातली दोन गावं, प्रत्येकी ३० घरं, घरटी १२ प्रश्न. मदत कुणाची आली, कितव्या दिवशी आली, मळ्यातल्या घरांपर्यंत पोचली का? एका सत्रात आरामात होतं.

खतावणी: नाही पटत. दोन पुरांमध्ये दोनच वर्षांचं अंतर, लोकांच्या डोक्यात सरमिसळ झालीय. चादरी कोणत्या पुरात मिळाल्या, हे आज खात्रीनं कोण सांगणार? त्यात मुलं संस्थेच्याच कार्यकर्त्याला बरोबर नेतात, मग त्याच्यासमोर तक्रार कोण करेल? एकच नोंदणीकृत ट्रस्ट घ्या आणि पाच वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब वाचा. शेड्यूल नऊमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, आस्थापना खर्च वेगळा आणि उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा दाखवावाच लागतो.

पंचगंगाकाठ: हिशेबात वस्तू कुठे दिसतात? ट्रकनं आलेला शिधा, पाण्याच्या बाटल्या यांची किंमत लावून नोंद क्वचितच होते. सरमिसळीवर उपाय आहे. आधी घरात पाणी कुठवर चढलं ती भिंतीवरची खूण दाखवायला सांगा, मग मुक्काम कुठल्या शाळेत होता ते विचारा, मदतीचं शेवटी. उत्तर संस्थेच्या वाटप यादीशी ताडा. कार्यकर्ता बरोबर नको, हे मात्र शंभर टक्के मान्य.

शिरोळकर: दोघांचाही परवानगीचा मुद्दा राहिलाय. विषय नोंदवण्याआधी संस्थेचं लेखी संमतीपत्र हातात हवं. विश्वस्त बदललेले असतात, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असतो आणि सही कुणाची घ्यायची यावरच घोडं अडतं. म्हणून आधी शेड्यूल एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा काढून त्यावरची नावं बघा. कागद जानेवारीतच घ्या, मार्चअखेरीच्या गडबडीत कुणी फाईल काढून देत नाही. आणि प्रश्न आणखी अरुंद करा: ऑगस्ट २०१९च्या पुरासाठी आलेल्या देणग्यांतली किती रक्कम ३१ मार्च २०२० ला शिल्लक होती, आणि ती पुढे कशावर गेली?

खतावणी: हा प्रश्न चालेल. फक्त देणगी थेट उत्पन्नात जमा केली असेल, तर शेड्यूल आठमध्ये, म्हणजे ताळेबंदात, पूरनिधी वेगळा दिसणार नाही. तेव्हा पावतीपुस्तक आणि खातेवही मागावी लागेल.

पंचगंगाकाठ: ताळेबंद शिल्लक सांगेल, कोण वगळलं गेलं ते नाही. ६० घरं जमत नसतील तर १५ घ्या, पण त्यातली ५ वाटप यादीबाहेरची हवीत.