सातवीतलं एडीएचडीचं लेकरू आणि एआयचा निबंध, काय करावं?

झेडपीवाला (बीड जिल्हा)
सातवीला शिकवतो, वर्गात ४१ पोरं. एकाला एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही), संभाजीनगरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. तोंडी विचारा, धडाधडा सांगतं, वही उघडली की दोन ओळीत गाडी बंद. परवा १७ सप्टेंबरसाठी मराठवाडा मुक्तिसंग्रामावर निबंध सांगितला तर पठ्ठ्यानं दोन पानं आणली, मी खूश, आन शेवटची ओळ काय तर "हवे असल्यास हाच निबंध सोप्या भाषेत लिहून देतो"!! पेनानं, वळणदार अक्षरात. हसावं का रडावं कळंना. बाकीचे म्हणतेत त्याला चालतं मग आमाला का नाई. मोबाईल बंदच करायला सांगू का घरी?

लातूरची आई
सर बंद नका करू. माझी लेक सहावीला, तिलाही हेच, पण ती वांड नाही, गप खिडकीबाहेर बघत बसायची म्हणून चौथीपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आळशी म्हणून मोकळे. (लातूर पॅटर्नात असल्या लेकरांना जागा कुठंय, असो.) मी एआयला सांगते, निबंध लिहू नको, फक्त पाच छोटे प्रश्न दे. एक प्रश्न झाला, ती बोलून सांगते, दोन ओळी लिहिते, उठून पाणी पिऊन येते, मग पुढचा. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्यांना नाहीच, १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, म्हणून मोबाईल माझ्याच हातात.

विशेष शिक्षक, परभणी
ताईंचं बरोबर. ह्या लेकरांचं अडतं ते सुरुवात करण्यात आणि सांगितलेलं डोक्यात धरून ठेवण्यात, अकलेत नाही. म्हणून कामाचे तुकडे पाडून द्यायचे, आणि त्याला दरवेळी एआय कशाला, वीस गणितांचा कागद घडी घालून द्या, एका वेळी पाचच दिसू द्या. फळा पुसायला, हजेरी ऑफिसात न्यायला त्यालाच उठवा, पाय मोकळे होतात. एआयचा नियम मात्र सगळ्या वर्गाला एकच: काय विचारलं ते वहीत मागं लिहायचं आन निबंध न बघता तोंडी सांगायचा. त्याचं नाव, डॉक्टरचा कागद एआयमध्ये टाकू नका. अजून एक, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यात, गणितात अडणं) आहे पण एडीएचडी वेगळं दिलेलं नाही, तेव्हा कायद्याचा आधार हवा तर सोबत अध्ययन अक्षमताही आहे का ते तपासून घ्या.

जालनेकर
सगळं खरं, पण ४१ जणांचं तोंडी घ्यायचं कधी आन ऑनलाईन माहित्या भरायच्या कधी?

झेडपीवाला (बीड जिल्हा)
जालनेकर, सगळ्यांचं नाही जमत, खरंय. पण आज मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला विचारलं, रझाकार म्हणजे कोण रे. तर म्हणे आमचे पणजोबा तवा धान्याच्या रिकाम्या पेवात लपलते, वरून आजीनं कडबा टाकलता. दोन पानांत ह्यातलं एक अक्षर नव्हतं. म्हणलं हेच लिही, सहा ओळी लिहिल्या, वेलांट्या सगळ्या उलट्यापालट्या. बाकीच्या गठ्ठ्यात अकरा निबंध एकाच वाक्यानं सुरू झालेत, ते उद्या बघतो.