एलओ फिल्टरचा डीपी आणि ऑइल सेन्सरचे लाईव्ह आकडे : किती मनावर घ्यायचे?

वॉचवाला_थर्ड

मंडळी, जरा मदत पाहिजे. बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारं जहाज) थर्ड इंजिनिअर आहे. गेल्या ड्राय डॉकला रिअल टाइम ऑइल मॉनिटरिंग बसवलं, म्हणजे मेन इंजिनच्या सिस्टम ऑइलवर पाण्याचा सेन्सर आणि लोखंडाच्या कणांचा सेन्सर, शिवाय मेन इंजिन आणि तिन्ही जनरेटरच्या एलओ (ल्युब ऑइल) फिल्टरवर डीपी (फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक) मोजणारे ट्रान्समीटर. सगळं ईसीआरच्या (इंजिन कंट्रोल रूम) स्क्रीनवर दिसतं आणि तेच ऑफिसलाही जातं, आणि तिथे कोणीतरी दिवसभर ग्राफ बघत बसलेला असतो, रेघ जरा वर गेली की लगेच मेल, "प्लीज एक्सप्लेन". चीफ म्हणतात तू लिही उत्तर.

आता प्रश्न असे. जनरेटर स्टॅंडबायवरून स्टार्ट केला की फिल्टरचा डीपी लाल होतो आणि लोड घेऊन थोडा वेळ चालला की आपोआप खाली येतो, मग फिल्टर उघडायचा का नाही? मेन इंजिनच्या ऑटो फिल्टरचा डीपी मात्र बसवल्यापासून सरळ रेघ, ऑफिस खूश. आणि पाण्याचा सेन्सर इंजिन चालू असताना ०.३ दाखवतो पण पोर्टमध्ये इंजिन थंड झालं की ०.५ च्या वर चढतो, कुठे लीक आहे का म्हणून आम्ही कूलर, जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सगळं बघून झालं, एक्सपान्शन टॅंकची लेव्हल जागची हललेली नाही. वरून विकणारा सांगून गेलाय की आता लॅबला सॅम्पल पाठवायची गरज नाही. खरं आहे का हे?

तेलकट_बॉयलरसूट

पाण्याचं आधी सांगतो कारण त्यात बऱ्याच जणांची गल्लत होते. तो ०.३ म्हणजे टक्के नाहीत रे. तो सेन्सर सांगतो की तेलात जितकं पाणी विरघळू शकतं त्याच्या किती भाग आत्ता विरघळलंय. तेल थंड झालं की त्याची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते, म्हणजे पाणी तेवढंच असलं तरी आकडा वर चढणार. तुमचं पोर्टमधलं कोडं बहुतेक एवढंच आहे. ग्राफवर तेलाचं टेम्परेचर शेजारी लाव, दोन्ही रेघा उलट्या दिशेने जाताना दिसतील.

घाबरायचं कधी, तर टेम्परेचर तेच असताना आकडा रोज थोडा थोडा वर जातोय तेव्हा. आणि १.० ला जाऊन चिकटला की तो सेन्सर पुढचं काही सांगूच शकत नाही, मोकळं पाणी थोडं आहे का भरपूर हे त्याला कळत नाही. मेकरची लिमिट साधारण ०.२ टक्के व्हॉल्यूमची असते, ती बघायला जहाजावरची टेस्ट किटच काढावी लागते. आणि प्युरिफायर (तेल गरगर फिरवून त्यातलं पाणी आणि घाण वेगळी करणारं मशीन) नीट चालतोय का ते बघा, हीटर ९०-९५ डिग्री देतोय का, फीड (आत जाणाऱ्या तेलाचा प्रवाह) उगाच वाढवून ठेवलाय का. फीड जास्त असला तर तेल बाऊलमध्ये थांबतच नाही, पाणी वेगळं होणार कसं?

जनरेटरचा डीपी, तर थंड तेल जाड असतं म्हणून चढतो. फिल्टर उघडू नको. अलार्मला टेम्परेचरची अट घालून घे, म्हणजे तेल गरम झाल्याशिवाय अलार्म वाजणारच नाही. तुलना करायची तर त्याच लोडला, त्याच टेम्परेचरला. आणि चेंजओव्हर (चालू चेंबर बंद करून दुसरा लावणं) करायची वेळ आलीच तर रिकाम्या चेंबरचा व्हेंट उघडून तो आधी हळूहळू भर, घाईत हॅंडल फिरवलं की एलओ प्रेशर पडून जनरेटर ट्रिप आणि सगळं अंधारात.

ईटीओ_वायरवाला

वरच्याशी सहमत पण मला त्या सरळ रेघेची जास्त काळजी वाटतेय. ऑटो बॅकफ्लश फिल्टर डीपी वाढला की स्वतःला धुतो, म्हणजे डीपी एका पट्ट्यात राहणारच, आतली घाण तुला डीपीवर दिसणार नाही, ती दिसते फ्लश किती वेळा झाला त्यात. कंट्रोल पॅनेलवर काउंटर असतो, बहुतेक जहाजांवर तो कोणी वाचत नाही. आधी दिवसातून ठरावीक वेळा फ्लश होत असेल आणि अचानक दुप्पट झाला तर तेलात काहीतरी आलंय, प्युरिफायर बंद आहे, किंवा कॅंडल (फिल्टरमधल्या गाळणीच्या नळ्या) धुवून निघत नाहीयेत. हा सिग्नल घ्यायला नवीन सेन्सर लागत नाही, पॅनेलवर रिले काँटॅक्ट असेल तर दोन वायर ओढायच्या. लाखांचे सेन्सर बसवले आणि हीच वायर ओढली नाही असं मी पाहिलंय, असो.

आणि अगदीच सपाट रेघ असेल, म्हणजे इंजिन चालू बंद काही फरकच नाही, तर ट्रान्समीटरच्या बारीक पाईपचा कॉक बंद आहे का बघ. एलओ पंप बंद असताना शून्य, पंप थंड तेलावर सुरू केला की उडी, एवढं तरी दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर तो ट्रान्समीटर नाही, शो पीस आहे. ट्रान्समीटर ठीक असूनही डीपी नेहमीपेक्षा कमी येत असेल तर ते वाढण्यापेक्षा वाईट समज. कॅंडल फाटली असेल, किंवा बायपास व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, म्हणजे तेल न गाळताच बेअरिंगला चाललंय. ऑटो फिल्टरनंतर इंडिकेटर फिल्टर असेल तर त्याचा डीपी बघ, तो चढायला लागला की त्याच्या आधीचा ऑटो फिल्टर गेलाय हे नक्की.

कणांच्या सेन्सरचं म्हणशील तर बसवलाय कुठे ते बघ. पंपानंतर आणि फिल्टरच्या आधी असला पाहिजे. फिल्टरच्या पुढे बसवून "ऑल क्लीन" दाखवणारं काम पण असतं. तेलात हवा असेल तर काही सेन्सर बुडबुडे पण कण म्हणून मोजतात.

जुना_चीफ

लॅब बंद करू नका, विकणारा काहीही म्हणू दे. तुमच्या फेरस सेन्सरला लोखंड दिसतं. मेन बेअरिंगला व्हाईट मेटल असतं, टिन, अँटिमनी, थोडं तांबं, चुंबकाला त्यातलं काहीच कळत नाही. बेअरिंगचा हा थर घासून निघत असेल आणि स्क्रीन हिरवीगार असेल असं होऊ शकतं. सिलिंडरच्या ड्रेन ऑइलवर असा सेन्सर लावला तरी तीच गत, कोल्ड करोजनमधून (लायनर थंड राहून ॲसिडने गंजणं) येणारं लोखंड गंजाच्या रूपात असतं, ते चुंबकीय नसतं. लायनर खाल्ला जातोय आणि सेन्सर गप्प. लॅबमध्ये धातू वेगवेगळे मोजून मिळतात, शिवाय बीएन (तेलाची ॲसिड मारायची ताकद), व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट. उलट मोठे कण लॅबच्या नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला नीट दिसत नाहीत, तिथे तुमचा सेन्सर उपयोगी. दोघांचं काम वेगळं आहे. स्टर्न ट्यूबच्या (प्रोपेलरचा शाफ्ट जिथून बाहेर जातो ती नळी) तेलाचे रिपोर्ट तर क्लासला (जहाज तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था) लागतातच, तिथे ग्राफ दाखवून चालत नाही.

अजून एक, टॉप अप केलं की तारीख, वेळ, लिटर त्याच सिस्टममध्ये टाका. नवीन तेल पडलं की लोखंडाचा आकडा खाली येतो आणि ऑफिसला वाटतं सुधारणा झाली.

आणि या सगळ्या हाय-फाय सेन्सरच्या नादात संपची (इंजिनखालची तेलाची टाकी) लेव्हल विसरू नका. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेजवळ वायकिंग स्कायचं काय झालं आठवतंय ना? पॅसेंजर जहाज होतं, पण धडा आपल्यालाही तोच. जनरेटरच्या संपमध्ये तेल कमी, खवळलेल्या समुद्रात जहाज हललं, पंपाने हवा ओढली, प्रेशर पडलं आणि इंजिनं एकामागोमाग बंद. तेल स्वच्छ होतं का घाण याने तिथे काही फरक पडला नसता.

रिटायर_मोटरमन

आम्ही गेजवर हात ठेवून सांगायचो, आता मोबाईलवर इंजिन बघतात 😄 चालू द्या.

वॉचवाला_थर्ड

सगळ्यांचे आभार. टेम्परेचर शेजारी लावून बघितलं, पाण्याची रेघ बरोब्बर उलटी जाते, ऑफिसला तोच स्क्रीनशॉट पाठवला. मेन इंजिनचा डीपी ट्रान्समीटर पंप बंद चालू करून तपासला, हलतोय, म्हणजे कॉक उघडा आहे. फ्लशचा काउंटर आता रोज दुपारी लॉगमध्ये लिहायला सुरुवात केलीय, आधीचा रेकॉर्ड कुठेच नाही त्यामुळे नॉर्मल किती हेच माहीत नाही. @ईटीओ_वायरवाला, पॅनेलमध्ये मोकळा काँटॅक्ट आहे, आमचे ईटीओ (इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) विचारतायत प्रत्येक फ्लशचा पल्स घ्यायचा का फक्त फॉल्ट अलार्म?

ईटीओ_वायरवाला

पल्स. फॉल्ट अलार्म बहुतेक आधीच अलार्म सिस्टमवर असेल, चेक करा. आणि पल्स किती वेळ राहतो ते मोजा आधी, फार छोटा असला तर अलार्म सिस्टमच्या स्कॅनमध्ये निसटतो, मग टायमर रिले टाकून थोडा लांबवावा लागेल. ड्रॉइंगवर मार्क करून ठेवा, नाहीतर पुढचा ईटीओ शिव्या घालेल.