क्रोएशियातून आणायचे काय? चुंबकवाद्यांना उत्तर

सुईदोरा: "क्रोएशियात घेण्यासारखे काही नाही, सगळा बाहेरून आलेला माल, आम्ही दुब्रोव्हनिकहून फ्रिजवर लावायची ड्रॅगनची चार चुंबके आणून नातेवाइकांची बोळवण केली," असे काल येथे एकाने लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून हा प्रपंच. 'गेम ऑफ थ्रोन्स' या ड्रॅगनवाल्या परदेशी मालिकेच्या चित्रीकरणानंतर दुब्रोव्हनिक शहराच्या तटबंदीच्या आत जी दुकाने फोफावली, त्यांवरून अख्ख्या देशाच्या कारागिरीची पारख करणे म्हणजे गेटवे ऑफ इंडियासमोरच्या फेरीवाल्याकडे पाहून पैठणीबद्दल मत बनवणे होय. पाग, लेपोग्लावा आणि ह्वार या तीन ठिकाणची लेस २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ह्वारच्या मठातल्या बेनेडिक्टाइन जोगिणी तर घायपाताच्या ताज्या पानांच्या गाभ्यातून पांढरा बारीक धागा काढून, पुठ्ठ्यावर त्याची जाळी विणतात. आपल्याकडे बांधावरच्या ज्या घायपाताकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तेच हे झाड!

निवांत पथिक: चुंबकवाला तो मीच. युनेस्कोचे नाव घेतले की खिसा आपोआप भरतो, असा आपला समज दिसतो. पाग गावात एका दारात बसलेल्या आजींकडे तळहाताहून लहान लेस पाहिली आणि किंमत ऐकून मला घेरीच आली. १ जानेवारी २०२३ रोजी कुना हे तिथले जुने चलन जाऊन युरो आला, तेव्हापासून तेथे कॉफीसुद्धा विचार करून प्यावी लागते. मी निम्मी किंमत सांगितली, तर आजींनी एक शब्दही न बोलता लेस निळ्या कागदात गुंडाळली आणि पेटीचे झाकण लावले. गिऱ्हाइकाशी वागण्याची ही कोणती रीत?

सुईदोरा: निम्मी? आणि हे आपण अभिमानाने सांगता? त्या लेसचा पाया कोळ्याच्या जाळ्यासारखा असतो आणि त्यावर भौमितिक नक्षी सुईने भरत न्यावी लागते. माझी आई क्रोशाचे रुमाल विणत असे. शेजारच्या काकूंनी एकदा "सुताचे पैसे देते" म्हटल्यावर ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. आपण त्या आजींना सुताचेच पैसे देऊ केलेत.

घाटावरचा: घासाघीस हा गुन्हा नव्हे. मंडईत वाढलेल्या माणसाने किंमत विचारून गप्प बसावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. मात्र घासाघीस व्यापाऱ्याशी करावी, विणणारीशी नव्हे, हे मलाही सावंतवाडीच्या चितारआळीत बोलणी खाऊनच कळले. लेस परवडत नसेल, तर उत्तरेकडच्या झागोर्येतली लाकडी खेळणी पाहावीत. तीही २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तेथे पुरुष लाकूड कोरतात आणि स्त्रिया रंगवतात. मी आणलेली छोटी शिट्टी नातवाने अजून सोडलेली नाही, आणि तिच्यासाठी माझे दिवाळे निघाले नाही.

दोन_बॅगा: खाद्यवस्तू घेताना मात्र जपून. झाग्रेबहून मी लिचितार, म्हणजे तो लाल बदामी आकाराचा, मधोमध आरसा बसवलेला केक आणला. मैदा, साखर, पाणी आणि सोडा यांत मसाले घालून तो साच्यात भाजतात आणि वाळवून खाण्याच्या रंगांनी रंगवतात. तो प्रेमाने भेट द्यायचा आणि भिंतीला टांगायचा असतो. मी टांगला, पुण्याच्या पावसाळ्यात त्याला अशा मुंग्या लागल्या की शेवटी आरसा तेवढा उरला.

सुईदोरा: मुंग्यांचा दोष क्रोएशियाच्या माथी नको. मूळ प्रश्न अस्सल काय, हा होता. टिकाऊ काय, हा नव्हता.

निवांत पथिक: बरे, एवढे मान्य करतो की त्या दारात निम्मी किंमत सांगायला नको होती, पूर्ण ऐकून मुकाट निघून जायला हवे होते. शिट्टीचेही मनावर घेतो, कारण ती माझ्या खिशाला झेपेल. मात्र माझे चारही ड्रॅगन फ्रिजवर शाबूत आहेत आणि त्यांना मुंग्या लागलेल्या नाहीत, याचीही या धाग्यात नोंद असावी.